कलम : शब्द आणि विद्या

महाड तालुक्यांतील सव हें सावित्रीकांठचें गांव उष्णोदकाच्या झऱ्यांविषयीं प्रसिद्ध आहे. येथें परसांत आंब्याचें कलम बांधीत असतां, 'ही विद्या फिरंग्यांनीं आणली' असें कोणी म्हणतो. लागलीच दुसरा वराहमिहिराचें नांव पुढें करतो. हीं दोन्ही मतें ताडून पाहणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

बृहत्संहितेंत (इसवीचें ६ वें शतक) वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. त्यांत पनस, अशोक, कदली, जंबू, लकुच, दाडिम, द्राक्षा, पालीवत, बीजपूर व अतिमुक्तक हे फांदीपासून लावण्याजोगे सांगून, शेणाचा लेप देऊन ते दुसऱ्या झाडाच्या छाटलेल्या मुळावर अथवा खोडावर बसवावे, असें विधान आहे. अर्थात् जोडकलमाची कल्पना फिरंगी येण्यापूर्वीं सुमारें ९०० वर्षें येथें ग्रंथनिविष्ट होती, हें निर्विवाद.

परंतु या यादींत आम्र नाहीं. शिवाय तींत कदली आहे. केळीच्या खोडांत सांधा जुळविणारा वाढीचा थरच नसल्यामुळें तिचें जोडकलम होत नाहीं. तेव्हां सबंध यादी प्रयोगसिद्ध मानतां येत नाहीं, व आंब्याच्या कलमास तिचा आधारही देतां येत नाहीं. कलमी आंब्याचा प्रसार गोव्यांत पोर्तुगीज अमलांत झाला. 'हापूस' हें नांवच त्याची साक्ष देतें. रोपाची कुंडी मातृवृक्षापाशीं नेऊन दोन्ही साली छिलून एकत्र बांधणें, हें जुनें भेटकलम. कोवळ्या रोपावर पाचर बसविण्याचें कोयकलम हें अलीकडचें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें कोंकणांत रूढ झालें.

'कलम' हा शब्द मात्र ना संस्कृत, ना पोर्तुगीज, तो अरबी-फारसी. बोरू तिरका छाटावा तशीच डहाळी छाटावी लागते. जहांगीराच्या आत्मचरित्रांतही काश्मिरांत कलमांनीं चेरी वाढविल्याची हकीकत आहे. म्हणजे एक धारा नव्हे, तीन.

संग्राहकांस एक सूचना. दप्तरांत 'कलम' म्हणजे बहुधा बाब. एका हिशेबी कागदांतील 'आंबे, कलम १' हें मीं कलमी झाड समजलों व त्यावर वर्षभर अनुमानें रचलीं. तें केवळ हिशेबाचें कलम होतें. सुरपालाचा वृक्षायुर्वेद ऑक्सफर्डच्या पोथीवरून १९९६ सालीं इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. आपल्याकडील बागाइती कागदही असेच वाचले जावे; मात्र अभिमान बाजूस ठेवून.