टाकळीचा शंख

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला तिथले लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. त्याची स्थापना 1863 सालची. त्याच वर्षी सप्टेंबरात, ज्याने या परिसरातील दगडांना प्रथम बोलते केले, तो स्टीफन हिस्लॉप मरण पावला.

हिस्लॉप मूळचा स्कॉटलंडचा. 1845 च्या आरंभी तो मिशनरी म्हणून नागपुरास आला, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. शाळा चालवणे हे त्याचे नेमले काम. पण फिरतीवर निघाला की खांद्यावरची झोळी दगडांनी जड होऊन परत यायची. असा छंद जडायला नागपूरसारखे गाव नाही. पश्चिमेकडून आलेला काळा कातळ इथे संपत येतो, त्याच्याशेजारी कोळशाच्या काळातले वालुकाश्म उघडे पडतात आणि त्याही खालचे अतिप्राचीन खडक फार दूर नाहीत. एका दिवसाच्या रपेटीत पृथ्वीची तीन युगे ओलांडता येतात. बंगळूरकडच्या माणसाला हे सुख नाही. सर्जापूरच्या वाटेवर खणावे तिथे जुनाट पट्टिताश्मच, आणि त्यात जीवाश्म मिळायचा नाही.

1851 साली गावाच्या पश्चिमेस टाकळी येथे हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचा शंख दगडात सापडला. वरवर पाहता क्षुल्लक वस्तू! पण तो थर होता लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधला. म्हणजे दख्खनचा कातळ एका दमात ओतला गेला नव्हता. एक प्रवाह थंडावला, त्यावर तळी साचली, काठी झाडे वाढली, किडे आले. मग पुन्हा अग्निरस येऊन सारे झाकून गेला. आज आपण हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतो. टाकळीतूनच पुढे फळे, बिया, इतकेच काय, भुंगेऱ्यांचे पंखही निघाले. सिताबर्डीच्या टेकडीतही असाच मधला थर दिसतो. त्याच टेकडीवर 1817 साली भोसले आणि इंग्रज लढले. लढाई सर्वांना ठाऊक, थर मात्र थोड्यांनाच.

हे सारे दोघांनी 1855 च्या सुमारास लंडनच्या भूगर्भ संस्थेच्या नियतकालिकात मांडले. हिरवट रंगाच्या एका कॅल्साइटला ‘हिस्लोपाइट’ नाव मिळाले, आणि तळ्यातल्या एका चिमुकल्या प्राण्याला ‘हिस्लोपिया’. मांगलीच्या दगडातली रुंद चपटी कवटी रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने ‘ब्रॅकिऑप्स’ म्हणून वर्णिली. दगड फोडणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांची नावे मात्र कोणत्याच जीवाला लाभली नाहीत. ही त्या काळची रीत खरी. म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

पुढे त्याची नजर माणसांकडे वळली. गोंडांची भाषा, त्यांच्या चालीरीती, आणि रानातली शिळावर्तुळे. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून तो परतत होता. अंधार पडला होता, बोरीजवळचा ओढा फुगला होता. छावणीत घोडा आला, स्वार आला नाही. त्याची अप्रकाशित टिपणे 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापून आणली.

त्याची शाळा आज हिस्लॉप महाविद्यालय आहे. टाकळी शहराच्या पोटात गेली आहे. आणि मांगलीची ती कवटी पाहायची, तर नागपूरच्या अभ्यासकाला अजून लंडनलाच जावे लागते.