मांजरेचें पाणी आणि शेतीचा भाव

निजामी अंमल सन १९४८ च्या सप्टेंबरांत संपला, त्या वेळीं नांदेड-लातूरकडील शेती बहुतांशीं पावसाच्या भरंवशावर चाले. काळ्या रानांत ज्वारी, तूर, करडई व जवस, आणि नांदेडच्या बाजूस नांवाजलेला गावराणी कापूस, अशीं पिकें होत. तीं थोडक्या ओलीवर निभावत. तथापि त्या काळास सुबत्तेचा काळ म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. अवर्षण, सावकारी आणि कुळांची अनिश्चित स्थिति यांनीं शेतकरी पिचून गेला होता. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानें त्यास कांहीं संरक्षण मिळालें. पाण्याचा प्रश्न मात्र उरला.

तो सोडविण्यासाठीं धरणें आलीं. गोदावरीवर पैठण येथें जायकवाडीची कोनशिला १९६५ सालीं बसली. नांदेडजवळ विष्णुपुरी येथें उपसा सिंचनाची योजना झाली, मांजरा नदीवर धनेगांव येथें धरण झालें. १९८२ सालीं उस्मानाबादेंतून फुटून लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि पुढें तेथें सहकारी साखर कारखान्यांचा विस्तार होत गेला.

येथेंच धोरणांतील विसंगति दिसून येते. ज्वारी व तुरीस सरकार हमीभाव जाहीर करतें. पण त्या भावानें माल घेणारा हटकून भेटेल, याची शाश्वति नसते. उसाचा किमान भाव कायद्यानें ठरलेला, आणि घेणारा कारखाना जवळच उभा. अशा स्थितींत शेतकऱ्यानें ऊस लावला, तर त्यास लोभी म्हणणें अन्यायाचें होय. परंतु लातूरकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें ७५० ते ८०० मिलिमीटर, आणि उसास लागणारें पाणी २,००० मिलिमीटरांच्या घरांत. ही तूट धरणांतून व विंधनविहिरींतून, म्हणजेच पुढील वर्षांच्या सांठ्यांतून, भरली जाते.

त्या उसनवारीची वसुली २०१६ सालीं झाली. लागोपाठच्या अवर्षणानें मांजरा धरण कोरडें पडलें. पाण्याच्या टाक्यांपाशीं दंगे होऊं नयेत म्हणून लातुरांत जमावबंदी पुकारावी लागली. १२ एप्रिल रोजीं सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवरील मिरजेहून आगगाडीनें पहिलें पांच लक्ष लिटर पाणी आलें.

दरम्यान कोरडवाहू रानांत ज्वारीच्या जागीं सोयाबीन पसरलें. तें पावसावर येतें, हें त्यांतील इष्ट. परंतु त्याचा भाव खाद्यतेलावरील आयातकराबरोबर चढतो-उतरतो, आणि तो कर दिल्लींत ठरतो. नांदेडच्या कापसाची कथाहि फारशी निराळी नाहीं. तेथील संशोधन केंद्राचें एनएचएच-४४ हें १९८४ सालचें संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांनीं आपलेंसें केलें होतें. २००२ नंतर बीटी वाणांनीं त्यास मागें सारलें. पुढें गुलाबी बोंडअळी त्या वाणांसहि जुमानेनाशी झाली.

पीक शेतकरी निवडतो. पण त्याच्या निवडीची चौकट भाव ठरविणारे आणि पाणी वांटणारे आंखतात. हीं दोन खातीं जोंवर एकमेकांचा हिशेब पाहत नाहींत, तोंवर नुसत्या नव्या धरणानें वा नव्या बियाण्यानें भागणार नाहीं. तूर-ज्वारीची खरेदी उसाइतकीच खात्रीची झाली, तर पाणी वांचविण्याचा उपदेश मांजरेकाठच्या शेतकऱ्यास वेगळा करावा लागणार नाहीं.