टीच-इन: जिंकले, पण पुढे काय?

आदल्या वर्षी स्वीडनचा अ‍ॅबा जिंकला, म्हणून 1975 ची युरोव्हिजन स्पर्धा स्टॉकहोमला. 22 मार्चला सगळ्यांत आधी गायला आला नेदरलँड्सचा टीच-इन, 1969 मध्ये एन्स्खेडे शहरात जमलेला बँड. आता पहिलं गाणं शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात राहतं? पण ‘डिंग-अ-डाँग’ राहिलं! कमाल 12 गुणांची पद्धत त्याच वर्षी आली; त्यात 152 गुण मिळवून हे जिंकले.

अ‍ॅबा पुढे जगभर गाजला. टीच-इनला मात्र एवढं मोठं दुसरं गाणं मिळालं नाही; गायिका गेटी कास्पर्सही लवकरच बाहेर पडली. नेदरलँड्स पुन्हा जिंकलं थेट 2019 मध्ये. म्हणजे 44 वर्षं ‘आपण शेवटचं कधी जिंकलो?’ याचं उत्तर एकच: टीच-इन!