मनगटाचा अस्थिभंग : प्लास्टरचा कालावधी

पडताना तोल सावरण्यासाठी हात टेकला की शरीराचा भार तळव्यावर येतो आणि बहुधा रेडियस हे अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाजवळ मोडते. आयरिश शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी 1814 मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले. म्हणून त्यास ‘कोलिसचा अस्थिभंग’ म्हणतात.

हाड जागेवर असल्यास किंवा बसवल्यावर जागेवर राहत असल्यास प्रौढांमध्ये प्लास्टर साधारण 5 ते 6 आठवडे, लहान मुलांमध्ये 3 ते 4 आठवडे ठेवतात. मनगटातील स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडल्यास, त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने 8 ते 12 आठवडेही लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत हाड पुन्हा सरकू शकते. म्हणून या काळात क्ष-किरण तपासणी करतात. हाड फार सरकले असल्यास शस्त्रक्रियेने धातूची पट्टी किंवा तारा बसवतात.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या व गोदामांच्या शहरात हा कालावधी पाळणे अवघड जाते. तुटलेला धागा जोडायला बोटांचे कसब लागते, बीम (धाग्याचा मोठा रूळ) किंवा गठ्ठे उचलायला मनगटाची ताकद. आणि कामावर खाडा म्हणजे मजुरी बुडणे. मात्र प्लास्टर लवकर काढल्यास हाड वाकडे जुळू शकते व पकड कायमची कमी होऊ शकते. प्लास्टर निघाल्यावरही जड काम आणखी काही आठवडे टाळावे लागते.

प्लास्टर असताना हात उंच ठेवावा, बोटे हलवत राहावीत. बोटे सुजली, बधिर किंवा निळी पडली, वेदना वाढली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.