बैठकीच्या खोलीतला संगणक

पहिल्या संगणकांची गोष्ट निघाली की ब्रिटनचा कलोसस आणि अमेरिकेचा एनिॲक आठवतात. दोघांच्याही पाठीशी सरकारी तिजोरी होती. आजच्या धाग्यात त्यांच्याही आधीची एक यंत्रमालिका पाहू. तिची सुरुवात बर्लिनमधल्या एका घराच्या बैठकीच्या खोलीत झाली, आणि पुढे तिचे अवयव टेलिफोनच्या जुन्या सामानातून आले. 🧵

कोनराड त्सुझे (जन्म १९१०) हा शिक्षणाने स्थापत्य अभियंता. १९३५ मध्ये पदवी मिळवून तो हेन्शेल या विमान कंपनीत लागला. काम विमानाच्या सांगाड्यावरील ताणांचे गणित करण्याचे: एकाच साच्यातली आकडेमोड, दिवसच्या दिवस, हाताने. लवकरच नोकरी सोडून त्याने घरच्यांपुढे आपला बेत मांडला. गणन करणारे यंत्र घरीच बांधायचे.

वडील टपाल खात्यातले निवृत्त अधिकारी. मुलासाठी ते पुन्हा कामावर रुजू झाले. बहिणीने पैसे दिले, मित्रांनी दिले. आणि हेच मित्र करवत घेऊन पत्रे कापायलाही बसले. संगणकाच्या इतिहासात या करवतवाल्यांना फारशी जागा मिळालेली नाही.

इथे थोडे थांबायला हवे. त्या काळची गणकयंत्रे दशमान पद्धतीची होती. एका चाकाला दहा अचूक स्थाने हवीत, म्हणजे दर्जेदार दातेरी चक्रे आणि कुशल कारखाना हवा. त्सुझेने द्विमान पद्धती धरली. पट्टी एक तर सरकलेली किंवा न सरकलेली, एवढ्या दोनच अवस्था. असे अवयव घरगुती हत्यारांनीही घडवता येतात. द्विमान गणिताचा हा फायदा पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितला जातो: ते गरिबाच्या कार्यशाळेला परवडणारे होते.

१९३८ मध्ये पूर्ण झालेल्या या पहिल्या यंत्राला, झेड-१ला, स्मृती होती ६४ संख्यांची, प्रत्येक संख्या २२ बिटांची. आज्ञा वाचायच्या त्या ३५ मिलिमीटरच्या टाकाऊ सिनेफिल्मवर पाडलेल्या छिद्रांतून. रचना अप्रतिम, पण यंत्र भरवशाचे नव्हते. हाताने कापलेले हजारो पत्रे एकमेकांत अडकत. स्मृती बरी चाले. गणिती भाग वारंवार रुसून बसे.

हेल्मुट श्रायर हा त्याचा मित्र विद्युत अभियंता. त्याने निर्वात नलिका सुचवल्या. पण इतक्या नलिका आणायच्या कुठून? म्हणून झेड-२मध्ये मधला मार्ग निघाला. स्मृती जुनीच, यांत्रिक. गणिती भाग मात्र टेलिफोनच्या वापरलेल्या रिलेंचा. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच: चालू किंवा बंद. पुन्हा दोनच अवस्था! एक्स्चेंजमध्ये निकामी ठरलेला रिले इथे गणिताला पुरेसा होता.

हे यंत्र जर्मन विमानसंशोधन संस्थेच्या तज्ज्ञांसमोर मांडले गेले. एरवी लहरी असलेले झेड-२ त्या दिवशी नीट चालले, आणि पुढच्या यंत्राला अंशतः निधी मिळाला. १२ मे १९४१ रोजी झेड-३ सादर झाले. दोन हजारांहून अधिक रिले, आणि आज्ञावलीनुसार आपोआप गणित. एका गुणाकाराला सुमारे तीन सेकंद. आज्ञावलीत अटीनुसार वाट बदलण्याची सोय नव्हती, ही उणीव नोंदवायला हवी. तरीही आज्ञावलीवर चालणारा पहिला कार्यक्षम संगणक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

आता अडचणीची बाजू. हा निधी नाझी राजवटीच्या विमानउद्योगाशी जोडलेला होता. त्सुझेने हेन्शेलसाठी बनवलेले एस-१ हे खास यंत्र एचएस-२९३ या उडत्या बाँबच्या पंखांची दुरुस्तीगणिते करत होते. घरगुती चिकाटीची गोष्ट सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. तो गाळू नये. मात्र त्याच राजवटीला या कामाचे खरे मोल कळले नव्हते, हेही तितकेच खरे. नलिकांच्या संगणकाला दोन वर्षे लागतील असे श्रायरने सांगितल्यावर, तोवर आपण युद्ध जिंकलेलेच असू, असे उत्तर मिळाल्याची हकिगत प्रसिद्ध आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये दोस्तांच्या बाँबवर्षावात झेड-३ नष्ट झाले. झेड-१ही युद्धातून वाचले नाही.

उरले झेड-४. त्याचे तेव्हाचे नाव व्ही-४, म्हणजे प्रायोगिक नमुना चौथा. पण व्ही-१ आणि व्ही-२ या अस्त्रांमुळे ते नाव ऐकून अधिकारी बिचकत. १९४५च्या आरंभी कोसळत्या बर्लिनमधून यंत्र बाहेर काढायला वाहतूक मिळाली, त्यात या गैरसमजाचा हातभार होता. ग्योटिंगेनमार्गे ते आल्प्सच्या पायथ्याच्या हिंटरश्टाइन गावी पोचून लपवले गेले.

१९४९ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल ते पाहायला आले. त्यांनी एक समीकरण सांगितले. त्सुझेने तिथल्या तिथे छिद्रे पाडून आज्ञावली तयार केली, आणि यंत्राने उत्तर दिले. १९५० ते १९५५ झेड-४ झुरिकमध्ये भाड्याने चालले. आज ते म्युनिकच्या डॉयचेस म्युझियममध्ये आहे.