गोव्याच्या पोर्टमधली इझाबेला

माहुलमध्ये अमेरिका म्हटलं की जुनी माणसं अजून रिफायनरीकडे बोट दाखवतात. 1954 साली स्टॅनव्हॅक या अमेरिकी कंपनीनं ती उभारली, पुढे ती एस्सो झाली आणि मग हिंदुस्थान पेट्रोलियम. आमच्या भागात अमेरिका आणखी एका वाटेनं येते, तिची मात्र कुणी दखल घेत नाही. दिवाळी उलटली की चेंबूरच्या बाजारात बारीक, गोल, निळसर काळ्या द्राक्षांच्या पेट्या दिसू लागतात. नाताळाची वाइन घरी करणारी कुटुंबं हीच द्राक्षं मागतात: बंगलोर ब्लू.

यातला एक मणी दोन बोटांत दाबून बघा. थॉमसन जातीचा मणी दाबला तर सालीसकट चिरडतो. इथं साल बोटांतच राहते आणि गराचा अख्खा गोळा टुणकन बाहेर पडतो. मग बोटं हुंगा. ‘ग्रेप’ नावाच्या जांभळ्या गोळ्यांना येतो तोच वास. या वासात मोठा वाटा मिथाइल अँथ्रानिलेट या रसायनाचा. सुटणारी साल आणि हा वास या दोन्ही खुणा युरोपातल्या वाइनच्या द्राक्षात, म्हणजे व्हिनिफेरात, सापडत नाहीत. त्या उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतल्या लाब्रुस्का जातीच्या आहेत.

बंगलोर ब्लू म्हणजे अमेरिकेची इझाबेला. द्राक्षतज्ज्ञांना हे केव्हाचं ठाऊक आहे. मला कळलं तेव्हा मात्र याच द्राक्षापासून होणाऱ्या गोव्याच्या गोड पोर्ट वाइनबद्दल मी जे काही धरून चाललो होतो ते सगळं नव्यानं तपासावं लागलं.

आधी इझाबेलाचं कूळ. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी आपल्या वेली अमेरिकेत पुन्हा पुन्हा लावल्या आणि त्या मेल्या. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या मॉन्टिचेलो या इस्टेटीतही तेच झालं. तिथली कीड आणि बुरशी त्यांना सोसवेना. तगल्या त्या रानवेलींशी आपसूक संकर झालेल्या वेली. इझाबेला त्यांतलीच. न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगमधले रोपवाटिकावाले विल्यम प्रिन्स यांनी 1816 च्या सुमारास ती ब्रुकलिनच्या इझाबेला गिब्ज यांच्या बागेतून मिळवली आणि त्यांचंच नाव तिला दिलं. त्याआधी ती कुठं उगवली याबद्दल मात्र वाद आहे. कुणी दक्षिण कॅरोलिना म्हणतं, जुन्या पुस्तकांत तर ती थेट स्पेनहून आल्याचंही लिहिलेलं असे. स्पेनची गोष्ट मला मुळीच पटत नाही. लाब्रुस्काचा वास स्पेनमध्ये येणार कुठून? घराण्यात युरोपी रक्त आहे हे खरं, पण तो संकर अमेरिकेच्या मातीतलाच.

आज अमेरिकी वाइन म्हणजे कॅलिफोर्निया, हे 1976 साली पॅरिसमधल्या ज्या चाखणीत कॅलिफोर्नियाच्या वाइननं फ्रेंच वाइनवर मात केली तिनं पक्कं झालं. त्याआधीची अमेरिका वेगळी होती. सिनसिनाटीचे निकोलस लाँगवर्थ कटॉबा द्राक्षाची फेसाळ वाइन करत आणि लाँगफेलोनं तिच्यावर कविता लिहिली. 1849 साली एफ्राइम बुल यांनी कॉन्कॉर्ड जात निवडून काढली. तिची गोड वाइन न्यूयॉर्कच्या ज्यू घरांत सणासाठी रुजली. कटॉबा, कॉन्कॉर्ड, इझाबेला ही सगळी एका गोतातली, आणि आजच्या वाइनच्या पुस्तकांत ती तळटिपेत जातात.

मग इझाबेला आपल्याकडे आली कशी? गोव्यातून आली असणार, असं पुष्कळांना सहज वाटतं, आणि या म्हणण्याला आधारही आहे. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर याच द्राक्षाची ‘व्हिन्यु द शेइरु’, म्हणजे वासाची वाइन, अजून होते. पण वेल कुठं रुजली ते बघा. ती बंगळुरूभोवतीच्या पट्ट्यात, चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला रुजली. गोव्याच्या पावसात द्राक्षशेती होतच नाही, तिथले कारखाने द्राक्ष घाटावरून आणतात. पोर्तुगीजांनी आणली असती तर बेळगाव-धारवाडकडे तिच्या जुन्या बागा सापडायला हव्या होत्या. माझा कौल बंगळुरूची ब्रिटिश लष्करी छावणी आणि तिथलं लालबाग उद्यान यांच्या बाजूनं. 1850 च्या दशकात भुरी रोगानं युरोपातल्या बागा झोपवल्या तेव्हा त्याला दाद न देणारी इझाबेला जगभर मागितली जाऊ लागली. त्याच काळात लालबागेवर लंडनच्या क्यू उद्यानात शिकलेले ब्रिटिश माळी येत होते. ती त्यांच्या किंवा मिशनऱ्यांच्या सामानातून आली असणार. 2013 साली याच द्राक्षाला बंगळुरूचं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं.

आता खरा मुद्दा. गोव्याच्या पोर्टचा गोडवा पोर्तुगीज वारसा मानतात. नाव त्यांचं, हे कबूल. पण पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली पोर्ट गोड होते ती आंबणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचीच ब्रँडी ओतल्यामुळं. यीस्ट मरतं आणि फळाची साखर उरते. इझाबेलात आंबटपणा जास्त आणि साखर बेताची. तिची वाइन साखरेशिवाय जिभेला चरचरते, म्हणून बरणीत द्राक्षाबरोबर साखर पडतेच. मग लवंग-दालचिनी, गव्हाचे दाणे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीनं. न्यूयॉर्कमध्ये कॉन्कॉर्डच्या वाइनमध्ये साखर घालतात ती याच कारणानं, आणि तिथं पोर्तुगीज परंपरेचा काही संबंध नाही. उलट अझोर्सचे पोर्तुगीज याच द्राक्षाची साधी, जेवणाबरोबरची वाइन करतात. म्हणून माझं म्हणणं असं की गोव्याची पोर्ट चवीच्या घराण्यानं डोरोची नव्हे, न्यूयॉर्कच्या कॉन्कॉर्डची बहीण आहे.

ही वाइन हलकी, हे मत फ्रान्सनं कायद्यात घातलं. 1934 साली इझाबेलासह सहा अमेरिकी संकरित जातींवर तिथं बंदी आली. मिथेनॉलची भीती दाखवली गेली, पण तेव्हा फ्रान्समध्ये वाइनचा महापूर होता, आणि मला तेच कारण खरं वाटतं. त्याच फ्रान्सच्या बागा फिलॉक्सेरा या किडीपासून वाचल्या त्या अमेरिकी मुळांवर कलम केल्यामुळं. टेक्ससच्या रानांत हिंडून वेली गोळा करणाऱ्या थॉमस मन्सन यांना त्यासाठी फ्रान्सनं 1888 साली सन्मानही दिला.

महाराष्ट्रातल्या वाइनशी इझाबेलाचा संबंध नाही असं नाशिककर सांगतील, आणि बाटलीपुरतं ते बरोबर आहे. तिथं शेनिन ब्लाँ, शिराझ असली व्हिनिफेराच लागते. पण बागेत वाकून कलमाच्या सांध्याखाली बघा. नाशिक-सांगलीच्या कितीतरी बागांत तिथं डॉगरीजचा खुंट असतो, मूळचा टेक्ससचा. आपल्याकडे तो किडीसाठी आणला नाही. विहिरी खारट झाल्या, पाणी आटलं, स्वतःच्या मुळांवरची वेल वाळू लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी तो लावला. तासगावची तास-ए-गणेश ही थॉमसनची निवड, थॉमसन मुळात मध्यपूर्वेकडची किशमिश, तिचं हे नाव कॅलिफोर्नियात पडलेलं, आणि खाली डॉगरीज.