टाकीवरचं कॅरियर कुठून आलं आणि का गेलं



पेरणीच्या दिवसांत तालुक्याच्या रस्त्याला उभं राहून नुसत्या मोटारसायकली बघा. बियाण्याची पिशवी, पेंडीचं पोतं, पंपाची मोटर, नाहीतर घरातलं बारकं पोरगं, बहुतेकांच्या टाकीवर काहीतरी असतंच. आता आमच्याकडच्या काही पोरांनी टाकीवर लोखंडी कॅरियरच ठोकून घ्यायचं मनावर घेतलंय. "काका, बसवू का?" असं दोघा-तिघांनी विचारलं. हो-नाही सांगण्याआधी म्हटलं याचा इतिहास सांगावा, कारण ही कल्पना नवी नाही. विलायतेत एका नामांकित कंपनीनं असं कॅरियर कारखान्यातूनच बसवून दिलं, वीसेक वर्षं विकलं आणि मग काढून टाकलं.

सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन अडकवलेली सायकलच. टाकी चपटी, फ्रेमच्या दोन आडव्या नळ्यांच्या मधे डब्यासारखी बसवलेली. वरून नळी गेलेली, त्यामुळं टाकीवर काही ठेवायचा प्रश्नच नव्हता. सामान मागच्या कॅरियरवर. पहिल्या महायुद्धात ट्रायम्फ कंपनीचं 'मॉडेल एच' सैन्यात निरोप पोचवायच्या कामाला होतं, तीस हजारांच्या वर गाड्या दिल्या होत्या, तिची टाकीही अशीच. १९२० च्या दशकाच्या शेवटाला टाकी नळीच्या वर चढली. घोड्यावर खोगीर टाकतात तशी दोन्ही बाजूंना उतरती, म्हणून तिला नावच खोगीर टाकी, म्हणजे सॅडल टँक, असं पडलं. आज आपण चालवतो त्या बहुतेक गाड्यांची टाकी याच वळणाची. चालवणाऱ्याच्या पुढ्यात रुंद माथा आला तो तेव्हापासून.

मोकळा माथा दिसला की माणूस त्यावर काहीतरी ठेवणारच. आधी कंपन्यांनी तिथं काटे ठेवले. ट्रायम्फची 'स्पीड ट्विन' १९३७ साली आली, एडवर्ड टर्नर या माणसानं काढलेली, ५०० सीसीची, दोन सिलिंडरची. तिच्या टाकीच्या माथ्यात एक पाटी बसवलेली असायची. तिच्यात अँपिअरचा काटा, ऑइल प्रेशरचा काटा, दिव्याचं बटण. पुढं युद्धात कॉव्हेंट्रीचा कारखाना १९४० च्या बाँबफेकीत गेला आणि कंपनी जवळच्या मेरिडन गावात हलली. १९४९ च्या मॉडेलला त्यांनी हेडलाइटभोवती पत्र्याचं मोठं कवच केलं आणि काटे-बटणं त्यात नेली. टाकीचा माथा रिकामा झाला. तिथं त्यांनी चकचकीत क्रोमच्या दांड्यांची जाळी बसवली, चार स्क्रूवर. इंग्रजीत 'पार्सल ग्रिड' म्हणायचे.

आता तिथला काळ बघा. युद्ध संपलं तरी ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चाललं. कामगाराला मोटार परवडत नव्हती, त्याची मोटारसायकल हीच घरची गाडी. जेवणाचा डबा, रेनकोट, कागदात बांधलेलं काहीबाही त्या जाळीवर पट्ट्यानं आवळायचं आणि कामाला जायचं. म्हणजे ते कॅरियर पोत्यासाठी नव्हतं, डब्यासाठी होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. ते चार स्क्रू टाकीच्या पत्र्यात भोकं पाडून मारलेले नव्हते. टाकी घडवतानाच आट्यांची जागा पत्र्याला पक्की जोडलेली होती, स्क्रूचा आणि आतल्या पेट्रोलचा संबंध येत नव्हता. आपल्याकडं तयार टाकीला पट्टी वेल्ड करायची भाषा चालते, त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग काढलं का? १९५९ ला 'मिनी' ही छोटी मोटार आली, हळूहळू कामगार चार चाकांवर गेला. मोटारसायकल उरली हौशी पोरांना, आणि ट्रायम्फचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथं डबा कोण नेतोय? आणि समोरून धडक बसली की चालवणारा सीटवरून पुढं घसरतो, टाकीवरून वर जातो. वाटेत लोखंडी जाळी. जांघेत काय होत असेल ते लिहीत नाही, समजून घ्या. १९६० चं दशक संपता संपता जाळी गेली.

आपल्याकडं एन्फिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळायला लागली, मग म्हैसूरची जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत. यातल्या कुणीच टाकीवरच्या कॅरियरची फिकीर केली नाही. आपलं ओझं वेगळं होतं. १९७० नंतर दुधाचा महापूर योजना आली, गवळ्यांनी राजदूतला दोन्ही अंगांनी कॅन लटकवले. तोल दोन्हीकडं सारखा, वजन खाली. गावच्या वेल्डरनं केलेलं हे काम मला कुठल्याही इंजिनिअरच्या तोडीचं वाटतं. पोत्याचा प्रश्न मात्र मोपेडनं सोडवला. १९७२ ला कायनेटिकची लुना आली, १९८० ला होसूरहून दोघं बसतील अशी टीव्हीएस ५०. यांच्यात खोगीर टाकीच नाही. सीट आणि हँडलच्या मधली जागा मोकळी, पोतं सरळ पायांच्या मधे उभं राहतं. टाकीवर काय ठेवायचं हा प्रश्न त्यांनी टाकीच बाजूला करून संपवला. वीस वर्षांची पोरं टीव्हीएसला हसतात, पण खताच्या दुकानापुढं जाऊन बघा, जास्त काम कोण करतंय ते.

तरी टाकीवर पोतं ठेवायची सवय गेली नाही, आणि त्यालाही कारण आहे. बैलगाडी भरलेल्याला हे सांगायला नको. वजन सगळं मागं टाकलं की गाडी उलाळ होते. मोटारसायकलचंही तेच. मागच्या कॅरियरवर चाकाच्याही मागं पोतं गेलं की पुढचं चाक हलकं पडतं, चिखलात हँडल ऐकत नाही. टाकीवरचं वजन दोन चाकांच्या मधे येतं, गाडी समतोल वाटते. आपल्या माणसाचा अंदाज बरोबरच आहे, जागा चुकीची आहे. युरियाची गोणी ४५ किलोची. आजच्या बऱ्याच गाड्यांची टाकी पुढं दोन रबरावर टेकलेली असते आणि मागं एका बोल्टवर धरलेली. ती पेट्रोल झेलायला केलीय, गोणी झेलायला नाही. खड्ड्यागणिक पत्रा दबतो, रबर झिजतं आणि शेवटी जोडापाशी पाझर सुटतो. इंजिन खाली तापलेलंच असतं.

एक बारीक गंमत सांगतो. टाकीच्या झाकणात हवा आत जायला बारीक वाट असते. वर गोणी दाबून बसली की ती बुजते. पेट्रोल उतरतं तशी आत पोकळी तयार होते आणि चालती गाडी बंद पडते. लोक कार्बोरेटर खोलतात. गोणी उचलून झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू.

मग पोरांनी काय करावं? टाकीला वेल्डिंग अजिबात नको. पेट्रोल काढून टाकलेली टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ कोंडलेली असते, एक ठिणगी पुरते. भोक पाडणंही नको. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत बदल करू देत नाही, अपघात झाला की विमावाले तेवढंच शोधत असतात. डबा, रेनकोट, सात-बाराचे कागद एवढ्यासाठी पट्ट्यांची कापडी बॅग पुरते. ती सैल पट्ट्यांनी नको, घट्ट आवळा, झाकणाची वाट मोकळी ठेवा. फवारणीच्या औषधाची बाटली मात्र त्या बॅगेत कधीच टाकू नका. सांडलं तर थेट मांडीवर येतं, आणि जांघेची कातडी औषध सगळ्यात लवकर शोषून घेते. बॅग बांधून झाली की गाडी उभी असतानाच हँडल दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघा. कुठं अडलं तर ती मागं सरकवा, मगच किक मारा.